कोऱ्या डिस्कपासून काट्यापर्यंत

गळीत हंगाम भरात असताना साखर कारखान्याच्या काट्यावरचा सर्व्हर बसला, तर पहिली खबर आयटी विभागाला लागत नाही. ती लागते शेती विभागाला, कारण यार्डातली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग त्यांना खिडकीतून दिसते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, शेतकऱ्याचा कोड, गट नंबर, तोडणी टोळी, सगळं त्या एका मशीनवर. वजनं वहीत लिहून तासभर कसंबसं ढकलता येतं. मग गव्हाणीत ऊस कमी पडायला लागतो आणि फोन वरच्या केबिनमधून येतो.

बदली मशीन कपाटात आहे ही झाली अर्धी सोय. उरलेली अर्धी म्हणजे त्या कोऱ्या डिस्कवर तोच सर्व्हर तसाच्या तसा उभा करणं. रेड, म्हणजे अनेक डिस्कची एकत्र जोडणी, लावायची, डिस्कची विभागणी करायची, ऑपरेटिंग सिस्टीम, आयपी, फायरवॉल, डेटाबेसची नेमकी तीच आवृत्ती, काट्याच्या इंडिकेटरशी, म्हणजे वजन दाखवणाऱ्या पेटीशी, बोलणारा सिरियल पोर्ट, पावतीचा प्रिंटर, घड्याळ, बॅकअपचं वेळापत्रक. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री असो, इचलकरंजीतली प्रोसेस असो की एखादी पतसंस्था, यादी थोडीफार हीच. आणि अनेक ठिकाणी ती एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस हल्ली हिंजवडीत असतो.

यावर रुळलेले दोन उपाय आहेत. चालू सर्व्हरच्या डिस्कची पूर्ण नक्कल काढून ठेवायची, म्हणजे गोल्डन इमेज. किंवा इन्स्टॉलर जे जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे स्वयंचलित इन्स्टॉल. नक्कल काढणं सोपं वाटतं म्हणून बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. तैवानच्या एनसीएचसी संस्थेतून आलेलं क्लोनझिला मोफत आहे, पेनड्राइव्हवर मावतं आणि डिस्कचा वापरलेला भागच उचलतं. फक्त नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. नावाला दोन्ही ४८० जीबी असल्या तरी नवी काही एमबीने लहान निघाली की काम अडतं.

पण नकलेचा खरा दोष वेगळा आहे. तिच्यात काय आहे ते वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत फायरवॉलचा एक पोर्ट उघडला असेल, चाचणीचा युझर तसाच राहिला असेल, तर तो इमेजमध्ये गेला आणि तिथून प्रत्येक मशीनमध्ये. फाउंड्रीत पॅटर्नवर चरा असला की प्रत्येक कास्टिंगवर तोच चरा उमटतो, हे उद्यमनगरात कुणालाही सांगावं लागत नाही. तिथे पॅटर्नचं ड्रॉइंग तरी असतं. इमेजचं ड्रॉइंग म्हणजे ती मजकुराची फाइल. म्हणून जपायची ती फाइल, आणि इमेज लागलीच तर त्या फाइलवरून दर वेळी नव्याने तयार करायची.

लिनक्सपैकी उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ या आवृत्तीपासून ऑटोइन्स्टॉलची, म्हणजे अशी उत्तरांची फाइल वाचून आपोआप इन्स्टॉल करण्याची, सोय आली. त्याआधी डेबियनची प्रीसीड फाइल असायची. रेड हॅटच्या कुळात, म्हणजे रॉकी आणि अल्मामध्ये, तेच काम किकस्टार्ट करतं. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे ज्यांच्याकडे अजून त्या मशीन आहेत त्यांना कधीतरी नव्या किकस्टार्ट फाइली लिहाव्या लागणारच आहेत. खालचा तपशील मुख्यतः उबुंटू २४.०४ ला धरून आहे.

एका फोल्डरमध्ये दोन फाइली लागतात, युझर-डेटा आणि मेटा-डेटा. दुसरी रिकामी चालते, पण असावीच लागते. ती नसली तर पहिलीची दखलच घेतली जात नाही. युझर-डेटाची पहिली ओळ हॅश चिन्ह आणि त्याला चिकटून 'क्लाउड-कॉन्फिग' एवढीच. त्यात एक अक्षर चुकलं की सगळी फाइल बाजूला पडते आणि इन्स्टॉलर निवांतपणे भाषा कुठली हवी ते विचारत बसतो. स्क्रीनवर एररचं नाव नसतं. भाषेचा पडदा दिसला की समजायचं, फाइल पोचली नाही किंवा पोचून वाचली गेली नाही.

तोच पडदा दिसायचं आणखी एक कारण ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम उचलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असतं. फाइल नेटवर्कवरून द्यायची तर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला सुरू करणाऱ्या, ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द आणि त्यापुढे नोक्लाउड, सेमिकोलन, मग फाइलचा पत्ता असं लिहायचं असतं. ग्रबच्या लेखी सेमिकोलन म्हणजे आज्ञा संपली. त्याच्याआधी उलटा स्लॅश दिला नाही किंवा तो भाग अवतरण चिन्हांत घातला नाही, तर पुढचा पत्ता गळून पडतो. वेब सर्व्हरचा लॉग उघडा ठेवून मशीन सुरू करावं. युझर-डेटाची मागणी लॉगमध्ये आलीच नसेल तर दोष कर्नलच्या ओळीत किंवा नेटवर्कमध्ये. येऊन गेली असेल तर फाइलच्या मजकुरात. या एका तपासणीने निम्मी शोधाशोध वाचते.

मजकुरातला नेहमीचा दोष म्हणजे इंडेंटेशन, ओळीआधी सोडायची मोकळी जागा. यामल, म्हणजे ही फाइल लिहायची पद्धत, टॅब खपवून घेत नाही, स्पेसच हव्यात. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल दुरुस्त करून पाठवणारे अजून आहेत, आणि त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. क्लाउड-इनिट म्हणजे सुरुवातीला ही फाइल वाचून मशीनची मांडणी करणारा प्रोग्रॅम; त्याच्या स्कीमा आज्ञेने यामलची बांधणी आधीच तपासता येते, आणि ऑटोइन्स्टॉलच्या भागासाठी सबिक्विटीच्या, म्हणजे उबुंटूच्या इन्स्टॉलरच्या, सोर्समध्ये वेगळी तपासणीची स्क्रिप्ट आहे.

पासवर्ड उघडा लिहायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओपनएसएसएलच्या पासवर्ड आज्ञेला उणे सहा हा पर्याय दिला की एसएचए-५१२ चा हॅश, म्हणजे पासवर्डचं सरळ उलगडता न येणारं रूप, मिळतो, तो फाइलमध्ये जातो. मात्र ती फाइल साध्या एचटीटीपीवर ठेवली तर ऑफिसातला कुणीही ब्राउझरमध्ये उघडून हॅश उचलू शकतो. त्यामुळे एसएसएचला, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीला, पासवर्ड बंद आणि फक्त की, म्हणजे किल्लीची फाइल, चालू ठेवावी. कन्सोलचा पासवर्ड प्रत्येक मशीनला इन्स्टॉलनंतर वेगळा द्यावा. दहा सर्व्हरना एकच पासवर्ड असला की एकाची किल्ली हाती लागलेल्याला उरलेले नऊ आयतेच मिळतात.

डिस्कच्या भागाशी थोडं थांबायला हवं, कारण इथली चूक परत घेता येत नाही. कुठली डिस्क पुसायची हे फाइलमध्ये 'एसडीए' असं नावाने लिहिलेलं असलं तर एके दिवशी घात होतो. ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर पडतात. पेनड्राइव्ह लावलेला असेल, रेड कार्डाने वेगळा क्रम लावला असेल, तर एसडीए भलतीच डिस्क असते; एनव्हीएमई जातीची एसएसडी असेल तर नावाची धाटणीच वेगळी. ऑटोइन्स्टॉलमध्ये डिस्क गुणांवरून निवडता येते. 'सर्वांत मोठी' असा नियम लिहिला तर ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ४८० जीबीची एसएसडी आणि बॅकअपसाठी ४ टीबीची डिस्क असलेल्या सर्व्हरवर बॅकअपची डिस्कच पुसली जाते. 'सर्वांत लहान' लिहिलं आणि पेनड्राइव्ह अडकलेला राहिला तर तोच लहान ठरू शकतो. खात्रीचा मार्ग सिरियल नंबरचा. तो डिस्कच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि प्रत्येक मशीनसाठी फाइलमधली एक ओळ बदलायचा कंटाळा परवडतो.

दुसरी गोष्ट एलव्हीएमची, म्हणजे डिस्कची जागा नंतर वाढवता येतील अशा भागांत वाटण्याची. तयार आराखडा निवडला तर इन्स्टॉलर आपणहून सगळी डिस्क वापरत नाही. २० ते २०० जीबीच्या डिस्कवर रूटला, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य भागाला, निम्मीच जागा देतो आणि २०० जीबीच्या वर कितीही मोठी असली तरी १०० जीबी. ४८० ची एसएसडी घातलेला सर्व्हर मग हंगामाच्या मध्यावर 'जागा संपली' म्हणतो आणि बघणारा चक्रावतो. साइझिंग-पॉलिसीला 'ऑल' लिहिलं की पूर्ण जागा मिळते. ही मोकळी जागा ठेवण्यामागे स्नॅपशॉट घेता यावेत, नंतर हवा तो भाग वाढवता यावा, असा विचार आहे आणि तो चुकीचा नाही. काट्यासारख्या सर्व्हरवर स्वतः विभागणी लिहिलेली बरी. रूट ६० जीबी, लॉग आणि डेटाबेस ज्या 'व्हार' फोल्डरमध्ये वाढतात त्याला वेगळा भाग, आणि दहाएक टक्के जागा रिकामी. म्हणजे लॉग फुगले तरी लॉगिन बंद पडत नाही.

मशीन चार-पाचच असतील तर नेटवर्क बूटच्या, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून मशीन सुरू करण्याच्या, फंदात पडू नये. उबुंटूचा एक पेनड्राइव्ह आणि दुसरा लहानसा फॅट३२ चा, ज्याचं लेबल 'सीआयडेटा' आणि आत त्या दोन फाइली. इन्स्टॉलर लेबलवरून तो आपोआप ओळखतो. कर्नलच्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' शब्द नसल्यामुळे डिस्क पुसण्याआधी तो एकदा 'यस' टाइप करायला लावतो. हा प्रश्न बंद करायची घाई अनेकांना असते, पण चार मशीनसाठी तो राहू द्यावा.

वीस-पंचवीस मशीन असतील, किंवा कॉलेजची लॅब असेल, तर मात्र नेटवर्क बूट. पीएक्सई ही त्यासाठीची पद्धत इंटेलची, तिचा २.१ आवृत्तीचा आराखडा १९९९ चा, आणि तिचं वयही जाणवतं. मशीनचं नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी मागतं, त्याच उत्तरात बूट फाइल कुठे आहे ते कळतं, मग ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, म्हणजे यूडीपीच्या ६९ नंबरच्या पोर्टवरून येते. काय बिघडलं ते स्क्रीनवरचा कोड सांगतो. ई५१ आला तर डीएचसीपीचं उत्तरच पोचलं नाही. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही. ई३२ म्हणजे नाव कळलं, टीएफटीपीचा सर्व्हर मात्र बोलत नाही, आणि तिथे बहुधा फायरवॉल आडवी आलेली असते.

लहान ऑफिसात ई५३ चं ठरलेलं कारण म्हणजे ब्रॉडबँडचा राउटर. तो स्वतःच डीएचसीपी चालवतो आणि बूट फाइलबद्दल त्याला काही माहीत नसतं. आपण दुसरा डीएचसीपी चालू केला तर दोघांची जुंपते आणि हिशेबाच्या विभागातले पीसी नेटवर्कवरून उडतात. डीएनएसमास्क या छोट्या डीएचसीपी प्रोग्रॅमला प्रॉक्सी पद्धतीत चालवलं की आयपी राउटरच वाटतो आणि बूट फाइलचं नाव तेवढं आपला सर्व्हर सांगतो. कुणाला राउटरला हात लावू द्यायचा नसतो, तिथे हाच तोडगा.

ई५१ ला आणखी एक कारण असतं, ते स्विचमध्ये. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारी सोय, चालू असेल तर नवा पोर्ट जागा झाल्यावर १५ अधिक १५, म्हणजे तीस सेकंद डेटा पुढे जाऊ देत नाही. बरीच कार्डं तोवर डीएचसीपी मागून दमतात. मग मशीन पुन्हा सुरू केलं की कधी चालतं, कधी नाही, आणि लोक केबल बदलत बसतात. त्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघण्याची सोय, चालू करणं एवढाच इलाज. केबल बदलायचीच तर ती वेगासाठी बदलावी. आठपैकी चारच तारा जोडलेली जुनी केबल गिगाबिट कार्डालाही १०० एमबीपीएसवर आणते, आणि तीन जीबीच्या आयएसओला, म्हणजे इन्स्टॉलच्या पूर्ण फाइलला, अर्ध्या मिनिटाऐवजी चार-पाच मिनिटं लागतात. दहा मशीन एकदम त्याच वाटेने लावल्या तर पाऊण तास.

टीएफटीपीने मोठी फाइल पाठवूच नये. मूळ पद्धतीत तुकडा ५१२ बाइटचा, दर तुकड्याची पोच आल्याशिवाय पुढचा निघत नाही, आणि तुकड्यांची मोजणी १६ बिटांत असल्याने ३२ एमबीच्या पुढे आकडा संपतो. नंतर तुकड्याचा आकार वाढवायची सोय झाली, तरी शहाणपणा यात की टीएफटीपीने फक्त आयपीएक्सईचं, म्हणजे एचटीटीपी समजणाऱ्या सुधारित पीएक्सईचं, लहानसं बीज द्यावं आणि बाकी सगळं एचटीटीपीने. यात एक गंमत होते. आयपीएक्सई सुरू झालं की तेही डीएचसीपीला विचारतं, आणि त्याला पुन्हा आयपीएक्सईचंच नाव मिळतं. मशीन स्वतःभोवती फिरत राहतं. मागणारा आयपीएक्सई असेल तर त्याला मेनूच्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, असा नियम डीएचसीपीत घालावा लागतो. मशीन सुरू करणारं जुनं बायोस आणि नवं यूईएफआय यांना वेगवेगळी फाइल लागते, ती डीएचसीपीच्या पर्याय ९३ मधल्या आकड्यावरून द्यायची. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल तर स्वतः तयार केलेलं आयपीएक्सई चालत नाही. तिथे उबुंटूचं सही केलेलं शिम आणि ग्रब वापरावं.

आयएसओ नेटवर्कवरून थेट मेमरीत उतरतो, म्हणून चाचणीच्या व्हर्च्युअल मशीनला २ जीबी रॅम दिली की मध्येच 'जागा नाही' असा एरर येतो. डिस्कवर जागा शोधू नये, रॅम वाढवावी. ८ जीबी दिली की प्रश्न मिटतो.

आता यातला सर्वांत मोठा धोका. सर्व्हरचा बूटक्रम 'आधी नेटवर्क' असा ठेवलेला आहे, पीएक्सई सर्व्हर विनाप्रश्न इन्स्टॉल करायला तयार आहे, आणि लाईट गेली. वळवाच्या पावसात कोल्हापुरात हे काही नवल नाही. यूपीएस उतरला, अर्ध्या तासाने लाईट आली, सगळी मशीन एकदम उठली. काट्याच्या सर्व्हरने शिस्तीत नेटवर्कला विचारलं, नेटवर्कने शिस्तीत इन्स्टॉलर दिला, आणि इन्स्टॉलरने दहा मिनिटांत डेटाबेससकट डिस्क पुसून लखलखीत नवा सर्व्हर उभा केला. कुठेही एरर नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं.

म्हणून मेनूतला आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी 'स्वतःच्या डिस्कवरून' हाच असावा. इन्स्टॉलर फक्त त्या मशीनला द्यायचा, जिचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, 'इन्स्टॉल करायचे' अशा यादीत आहे. इन्स्टॉल संपताना युझर-डेटातल्या लेट-कमांड्समधल्या शेवटच्या ओळीने पीएक्सई सर्व्हरला एक विनंती पाठवायची, तिने तो मॅक यादीतून काढून टाकायचा. यादीतून नाव काढणं माणसावर सोडलं तर तो विसरतो. शिवाय काम झालं की पीएक्सईची सेवाच बंद ठेवावी. ती रोज लागत नाही.

व्हर्च्युअल मशीन मोठ्या संख्येने लागत असतील तर तयार इमेज हवीच. तिथे हॅशिकॉर्पचं पॅकर, म्हणजे इमेज आपोआप बांधणारं साधन, कामाला येतं. ते केव्हीएम या लिनक्सच्या सोयीत एक व्हर्च्युअल मशीन उघडतं, कीबोर्डवर टाइप केल्यासारखी बूटची ओळ भरतं, तीच युझर-डेटा फाइल स्वतःच्या छोट्या वेब सर्व्हरवरून देतं आणि एसएसएच लागण्याची वाट बघतं. पहिल्यांदा करणारे इथे हमखास अडकतात. इन्स्टॉलरच्या तात्पुरत्या वातावरणातही एसएसएच चालू असतं. पॅकरला वाटतं आपलं मशीन तयार झालं, ते दार वाजवत राहतं, पासवर्ड जुळत नाही आणि ठरावीक प्रयत्न संपले की बांधणी रद्द. इन्स्टॉलच्या सुरुवातीला चालणाऱ्या अर्ली-कमांड्समध्ये इन्स्टॉलरचं एसएसएच थांबवलं की हा घोळ मिटतो.

इमेज बांधून झाली की तिची ओळख पुसायची. मशीन-आयडीची, म्हणजे प्रत्येक मशीनच्या ओळख क्रमांकाची, फाइल रिकामी करायची, काढून टाकायची नाही. एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, काढायच्या. क्लाउड-इनिटला 'क्लीन' सांगायचं, इन्स्टॉलरने क्लाउड-इनिटच्या फोल्डरात मागे ठेवलेली '९९-इन्स्टॉलर' फाइल काढायची, नाहीतर नवं मशीन आपला डेटा वाचतच नाही. मग लॉग, पॅकेजची साठवण, रँडम-सीड, आणि ताबडतोब बंद. 'एकदा चालू करून बघू' म्हटलं की सगळ्या ओळखी पुन्हा जन्माला येतात आणि त्याच इमेजमध्ये गोठतात.

मशीन-आयडी राहून गेल्याचं लक्षण फसवं असतं. दोन क्लोनचे मॅक पत्ते वेगळे, तरी डीएचसीपी दोघांना एकच आयपी देतो, कारण उबुंटू स्वतःची ओळख मॅकवरून न सांगता मशीन-आयडीवरून सांगतं. "साहेब, पिंग लागतंय पण लॉगिन होईना," असा फोन येतो. पिंग लागतं, कारण दोघांपैकी कुणीतरी उत्तर देतं. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्कच्या मांडणीत, डीएचसीपीची ओळख 'मॅक' अशी लिहिता येते, पण ती मलमपट्टी. मशीन-आयडी सारखा राहिला तर लॉग गोळा करणारी साधनंही दोघांना एकच समजत राहतात. याउलट होस्ट की काढल्या आणि नव्या तयार होण्याची सोय केली नाही, तर एसएसएच सुरूच होत नाही. डेबियन-उबुंटूत पहिल्या बूटला त्या बनवायचं काम क्लाउड-इनिट करतं. ते बंद असेल तर एक लहानशी वन-टाइम सेवा लिहून ठेवावी लागते.

इमेजमध्ये किती भरायचं आणि पहिल्या बूटवर किती सोडायचं, यावर जाणत्यांचा कौल हल्ली सडपातळ इमेजकडे असतो. ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी आत, बाकी पॅकेजं पहिल्या बूटला इंटरनेटवरून ताजी. तत्त्व बरोबर आहे. पण ते पंचगंगेला विचारून ठरलेलं नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. अशा दिवसांत पुण्याहून सुटा भाग येत नाही, इंजिनिअर येत नाही, आणि इंटरनेटचा भरवसा नाही. सर्व्हर नव्याने उभा करायची वेळ मात्र नेमकी तेव्हाच येते, कारण तळमजल्यावरची सर्व्हर रूम पाण्यात गेलेली असते.

म्हणून इथे इमेज थोडी अंगाने भरलेलीच हवी. डेटाबेस, काट्याचा प्रोग्रॅम, प्रिंटरचे ड्रायव्हर आतच. सुरक्षेचे अपडेट तेवढे बाहेरून. ज्यांना सडपातळच हवी त्यांनी नेटवर्कमध्ये ॲप्ट-कॅशर-एनजी, म्हणजे पॅकेजं साठवून ठेवणारा प्रोग्रॅम, चालवावं, पोर्ट ३१४२, आणि ऑटोइन्स्टॉलमध्ये त्याचा प्रॉक्सी लिहावा. एकदा उतरलेलं पॅकेज मग इंटरनेटशिवाय मिळतं. एचटीटीपीएसवरून येणारी पॅकेजं ते सरळसोट साठवत नाही, तेवढं लक्षात ठेवावं. डेटाबेस बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरी बहुधा एचटीटीपीएसच्याच असतात. खरी परीक्षा एकच: इंटरनेटची केबल काढून कोऱ्या डिस्कवर इन्स्टॉल करायचं. काय काय गावाबाहेरून येत होतं ते तेव्हा कळतं.

पहिल्या बूटच्या स्क्रिप्टना दोन गोष्टी नडतात. उबुंटू त्याच वेळी मागे स्वतःचे अपडेट करत असतं आणि डीपीकेजीचं, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप त्याच्याकडे असतं. स्क्रिप्टला कुलूप मिळत नाही आणि ती मरते. ॲप्टला, म्हणजे पॅकेज आणणाऱ्या आज्ञेला, ३०० सेकंद थांबायला सांगावं. दुसरं, २२.०४ मध्ये पॅकेज टाकल्यावर कुठल्या सेवा पुन्हा सुरू करू असा पडदा येतो. उत्तर द्यायला कुणी नसतं, स्क्रिप्ट रात्रभर तशीच उभी. तो पडदा आणणाऱ्या नीडरीस्टार्टचा मोड आधीच 'आपोआप' वर ठेवावा आणि डेबियनचा फ्रंटएंड 'नॉनइंटरॅक्टिव्ह'.

घड्याळ आणि लॉग हे भारतात मर्जीचे विषय राहिलेले नाहीत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत, लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. एनआयसीचे 'समय१' आणि 'समय२' हे सर्व्हर क्रोनीच्या, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये इमेज बांधतानाच लिहून टाकावेत. उबुंटूचं सिस्टीम लॉगचं फिरवणं मुळात आठवड्याचं आणि चार प्रतींचं असतं, म्हणजे महिन्याभराचं. २६ प्रती केल्या की १८२ दिवस होतात. कपाटात पडून राहिलेल्या बदली मशीनच्या घड्याळाचा सीआर२०३२ सेल कधी कधी मेलेला असतो, घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि इन्स्टॉलच्या मध्येच ॲप्ट म्हणतं ही फाइल अजून वैध नाही. सेल स्वस्त आहे. हंगामाआधी बदलून टाकावा.

विंडोज सर्व्हरबद्दल थोडक्यात. सिसप्रेप या ओळख पुसणाऱ्या साधनाने जनरलाइझ केल्याशिवाय इमेज घेऊ नये आणि डोमेनला जोडायचं काम त्यानंतरचं. उत्तरांच्या एक्सएमएल फाइलमध्ये पासवर्ड 'लपवलेला' दिसतो तो फक्त बेस६४, म्हणजे वेगळ्या अक्षरांत लिहिलेला, असतो, कुणीही उलगडतो. पेनड्राइव्ह फॅट३२ चा आणि इन्स्टॉल-विम फाइल ४ जीबीच्या वर असेल तर ती मावत नाही; विंडोजच्या डिस्म आज्ञेने ३८०० एमबीचे तुकडे करावेत.

कारखान्यात हे सगळं करायची वेळ ठरलेली आहे. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी. गणपती झाल्यावर इमेज नव्याने बांधायची, तिच्यावरून तीन मशीन एकदम उभ्या करायच्या, तिघींचे आयपी, मशीन-आयडी आणि होस्ट की वेगळ्या आहेत का ते बघायचं, बॅकअपमधून मागच्या हंगामाचा डेटा चढवून एका रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन पावतीपर्यंत न्यायचं. मोळी पूजन, म्हणजे गाळपाचा मुहूर्त, झाल्यावर इमेजला हात लावायचा नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट. चालू आणि त्याच्या मागची अशा दोन इमेज ठेवायच्या, फाइल बदललेली नाही हे तपासायचा एसएचए-२५६ चा आकडा पेनड्राइव्हच्या लेबलवर तारखेसह, आणि एक प्रत पुराच्या रेषेच्या वरच्या मजल्यावर, दुसरी दुसऱ्याच इमारतीत. मॅक पत्ते आणि डिस्कचे सिरियल नंबर कागदावर छापून त्याच पाकिटात.

एवढं करूनही काट्याचा प्रोग्रॅम लायसन्सच्या एका यूएसबी डोंगलवर किंवा जुन्या मशीनच्या मॅक पत्त्यावर बांधलेला असतो, आणि त्याला कुठलीही इमेज पुरी पडत नाही. डोंगल जुन्या मशीनच्या मागून काढून नव्याला लावायचा असतो, हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत हवं. लायसन्स मॅकला बांधलेलं असेल तर बदली मशीनसाठी दुसरी की खरेदीच्या वेळीच लेखी मागून घ्यावी, कारण हंगामात रविवारी रात्री ती कंपनी फोन उचलत नाही.